मशीनच्या हाती कासरा

आमच्या गावात पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार, हे बुद्धिबळावर ठरतं. पूर्वी काठ्यांवर ठरायचं. काठ्यांच्या पद्धतीत एकच खोट होती: जिंकणारा आणि हरणारा दोघंही पोळ्याच्या दिवशी आदिलाबादच्या दवाखान्यात शेजारीशेजारी पडलेले असायचे आणि सजवलेले बैल घरी एकमेकांची शिंगं न्याहाळत उभे असायचे. मग निजामाच्या काळातल्या कोण्या पटवाऱ्यानं गावाला एक पट आणून दिला आणि फैसला सुनावला, की पोळ्याच्या आदल्या दिवशी मारुतीच्या पारावर डाव मांडा, जिंकेल त्याची जोडी पुढे. पटवारी गेला, निजाम गेला, जिल्ह्याचे चार तुकडे झाले, डाव तेवढा राहिला.

नियमही राहिले. उलट वाढले. आमच्याकडे नियम व्हायची रीत सरळ आहे. कोणीतरी लबाडी करतो, गाव वर्षभर हसतं, आणि पुढच्या पोळ्याला ती लबाडी बंद करणारा नियम होतो. एका वर्षी एका घरानं बेल्लमपल्लीहून कोळसा खाणीतला एक हुशार खेळाडू आणला. त्यानं दुपारच्या आत सगळ्यांना मात दिली. दुसऱ्या दिवशी मानाच्या बैलाचा कासरा हातात घ्यायची वेळ आली तेव्हा कळलं, की गडी जमिनीच्या पोटात उतरायला भीत नाही पण बैलाला भितो. तो तोरणाच्या उलट दिशेनं असा पळाला की त्याची एक चप्पल अजून ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. तेव्हापासून खेळणारा त्या घरचं खाणारा पाहिजे, आणि जो जिंकेल त्यानंच कासरा धरून तोरणाखालून जायचं. लहान लेकरांच्या हाती कासरा द्यायचा नाही, हा तर त्याहून जुना नियम. लेकरांसाठी दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, चाकांच्या लाकडी बैलांचा. त्यांनी तिथं काय ते मिरवावं.

आणखी एक सांगायचं राहिलं. पटातला एक काळा हत्ती कधीचाच हरवला आहे. त्याच्या जागी गुळाचा खडा ठेवतात. डाव संपला की जिंकणारा तो हत्ती आपल्या बैलाला चारतो.

मी करण, या डावाचा पंच. पंच व्हायला दोनच गोष्टी लागतात: घरी बैल नको आणि बुद्धिबळ फार कळायला नको, नाहीतर पंच मनातल्या मनात एका बाजूनं खेळायला लागतो. आमच्या घरी एक शेळी आहे आणि तिचं कोणत्याच पार्टीशी जमत नाही. बुद्धिबळात मला घोडा अडीच घरं जातो एवढं ठाऊक आहे. ते अर्धं घर कुठं असतं, हे मी कधी विचारलं नाही.

मान दहाबारा वर्षांपासून लक्ष्मणकाकांकडे होता. लक्ष्मणकाकांकडे कापूस आहे, ज्वारी आहे, मिशा आहेत आणि सरदार नावाचा बैल आहे. महत्त्वाच्या क्रमानं सांगायचं तर उलटीकडून वाचावं. सरदार आता म्हातारा झाला होता. त्याचा जोडीदार नवाब उन्हाळ्यात गेला. त्याच्या जागी डिप्टी नावाचा तरणा बैल आणला, तेव्हापासून डिप्टी औत ओढायचा आणि सरदार बाजूनं चालत त्याला नजरेनं सूचना द्यायचा. दिवाळीनंतर सरदारच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, असं काकांनी ठरवलं होतं. आणि आमच्या पोळ्यात कामाचाच बैल उभा राहतो. म्हणजे हा त्याचा शेवटचा पोळा.

"एक डाव, करण," काका मला म्हणाले. "एवढा एक डाव जितलो की सरदार अखरीचा तोरणाखालून पयला जाते. मंग पुढच्या साली मले प्याद्यानं मारा का पायतानानं, मी काई म्हणत नाई."

हे सगळं सुरळीत झालं असतं, पण व्यंकटरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं.

आताशा डावाला दोनच घरं बसायची, आणि व्यंकटराव म्हणजे काकांशी दरवर्षी हरणारे. बँकेतून निवृत्त झालेले, राहायला आदिलाबादला, वावर आणि वडिलार्जित घर गावात. यंदा त्यांनी पांढरीशुभ्र जोडी घेतली होती, इतकी पांढरी की पाहताना डोळे बारीक करावे लागत. आणि नेमकं डॉक्टरांनी त्यांना बारीक पाहायला मनाई केली. बदली खेळाडू द्यायची आमच्याकडे मुभा आहे. व्यंकटराव काळा चष्मा लावून पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या बदली आमच्या हेरंबचं मशीन खेळेल."

हेरंब त्यांचा मुलगा. हैदराबादच्या कंपनीचं काम घरून करतो. म्हणजे कंपनीला वाटतं तो घरी आहे आणि घरच्यांना वाटतं तो कंपनीत आहे. त्यानं काखेतला लॅपटॉप मारुतीसमोर ठेवला. एक पोरगं त्याच्यावर हळदकुंकू टाकायला धावलं, त्याला आवरावं लागलं.

"त्या घरचं खाणारा पायजे," काका म्हणाले.

"खातं की," हेरंब म्हणाला. "करंट खातं. बिल बाबांच्या नावावर येतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचार केल्यासारखा चेहरा केला. आमच्या घरी करंट तर शेळीसुद्धा खाते, एकदा वायर चावली होती, आणि ती घरचीच आहे. मंजूर.

काका पारावर मांडी घालून बसले. "ठीक हाये. पण खेळ बराबरीचा झाला पायजे. त्याले किती डाव पाठ हायेत?"

"लाखो!" हेरंब अभिमानानं म्हणाला.

"म्हंजे कॉपी."

"कॉपी नाही हो काका, ते मेमरीत..."

"आमचा बंडू दहावीच्या पेपराले मेमरी बाहीत घालून गेला तं त्याले हाकलून देल्लं. अन् हे पोटात घालून आणून राह्यलं तं हुशार काऊन?"

बंडू काकांचा पुतण्या. तो तिथंच उभा होता. "बाहीत नाई काका, मोज्यात," तो म्हणाला. आमच्याकडे खोटं रेकॉर्ड कोणी राहू देत नाही.

पाठ केलेले डाव बंद झाले. मग काकांनी मुद्दा काढला की माणूस दमतो, मशीन दमत नाही. हेरंब म्हणाला, मी चार्जर काढून ठेवतो, बॅटरी माणसासारखीच दमते, पण मग मशीन डावात काही खाणार नाही तर काकांनीही चहा घ्यायचा नाही. काका चपापले. काका चहाशिवाय राहिलेले आमच्या गावात कोणी पाहिलेलं नाही. पण बराबरी हा शब्द त्यांच्याच तोंडून निघाला होता, तो परत गिळता येईना.

"अन् त्याले हात कुठी हाये?" काकांनी शेवटचा हुकमी मुद्दा काढला. "सोंगट्या कोण सरकवणार?"

"स्वरा," हेरंब म्हणाला. स्वरा त्याची धाकटी बहीण, कॉलेजात आहे.

"म्हंजे डोकं एकाचं, हात दुसऱ्याचा. मले बी वेगळा हात पायजे. मी सोंगटीले बोट लावणार नाई. बराबरी म्हंजे बराबरी!"

यातून काकांना काय मिळणार होतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण एकदा मागायला लागल्यावर माणूस थांबत नाही. हात म्हणून बंडूचं नाव निघालं आणि बंडूनंच नको म्हटलं. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून रेणुकाकाकू, म्हणजे काकांची बायको, पदर खोचत पुढे आल्या. "मी हावो ना. मी सरकवीन."

काकांचा चेहरा पाहून मला वाटलं, चहा सुटला तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं त्यांना.

आता हेरंब वैतागला. "अहो, किती अटी घालाल? तीन वर्षांपूर्वी बनलंय ते. तीन वर्षांचं आहे फक्त! सत्तरीच्या माणसानं तीन वर्षांच्या पोराला एवढं छळावं? त्यालाही काही सवलत द्या की!"

तो आपला तावात बोलून गेला. पण बायांमध्ये एकदम कुजबुज झाली. पुढे बसलेल्या मनकर्णाआजी लॅपटॉपकडे वाकून पाहत म्हणाल्या, "आवं माय! तीनच वर्षाचं? मंग आंगानं भरलेलं हाये."

"लेकराले तरास देऊन राह्यले," मागून कोणीतरी म्हणालं.

वातावरण फिरलं. मी चारचौघांत मोठ्यानं फैसला सुनावला: मशीन तीन वर्षांचं आहे, सबब लेकरू समजून पांढऱ्या सोंगट्या आणि पहिली चाल त्याला. "मान्य?" "मान्य!" हेरंबच सगळ्यात मोठ्यानं ओरडला. हे लक्षात ठेवा. आम्ही ठेवलं.

डाव सुरू झाला. अख्खं गाव पाराभोवती. आमच्या खेळात चिडवणं रीतसर आहे, पण मशीनला चिडवता येत नाही, म्हणून तीही जबाबदारी स्वरानं घेतली. आणि मशीनच्या बाजूनं चिडवायला कोणी सुरुवात करायच्या आधी बंडूनं पोळ्यात झडती म्हणतात, म्हणजे टोमण्याच्या दोन ओळी, तशी हात वर करून हाळी दिली:

"बटन दाबू दाबू आला पोळ्याले पाव्हणा,
चारा टाकला त्याले तं म्हणते चार्जर आणा!"

"हर बोला हर हर महादेव!" गाव ओरडलं. स्वरानं लॅपटॉपकडे पाहिलं, मग पहिलं प्यादं पुढे सरकवत शांतपणे म्हणाली, "मशीन विचारतंय, हे दहावीचेच का ते?"

पुढचा पाऊण तास काका खरंच चांगलं खेळले, असं बुद्धिबळ कळणारे म्हणतात. म्हणजे काका चांगलं बोलले. खेळल्या रेणुकाकाकू.

"घोडा तिकडं घे. त्या प्याद्याच्या म्होरं," काका सांगायचे.

"तिथं? तिथं तं त्याले उंट मारते."

"मारू दे. मंग मी त्याचा वजीर धरतो."

"कायले मारू द्याचं? इतका चांगला घोडा. मान पाहा कशी हाये त्याची." आणि काकू घोडा परत मूळ घरी नेऊन ठेवायच्या. ठेवलं ते ठेवलं, हा नियम आमच्याकडेही आहे.

"आवं, हा खेळ हाये! याच्यात मारा लागते!"

"घरी कोंबडी कापाची म्हटलं की गोठ्यात जाऊन बसता, अन् इथं मोठे मारणारे."

दुसरीकडे स्वरा मशीन सांगेल तिथं सोंगटी ठेवून मोकळी. तिकडे डोकं आणि हात यांच्यात काही मतभेद नव्हते. इकडे पंचेचाळीस वर्षांचा संसार होता.

आमच्याकडे राजाला जन्मात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, पण त्याच्या आधी शह बसला नसेल तरच. काका ही उडी दरवर्षी शेवटपर्यंत जपून ठेवतात, आणि मात बसणार असं वाटलं की राजा टणकन बाजूला. हेरंबनं रात्रभर बसून मशीनला ही उडी शिकवली होती. मशीननं ती शिकून घेतली आणि पहिली संधी मिळताच काकांना फुकटचा शह दिला. उडी गेली.

"पयल्या घासालेच शह?" काका कळवळून म्हणाले. "जेवाच्या आधी कोणी पान उचलते का?"

"मशीन म्हणतं, काका, तुम्ही पाट पुढे ओढून बसा," स्वरा म्हणाली.

काकांच्या कपाळावर घाम आला. चहा नाही. घोडा घरी बसलेला. उडी गेलेली. आता त्यांच्याकडे एकच हत्यार उरलं होतं, आणि ते ऐकायला गाव कान देऊन बसलं होतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

आमच्याकडे डावात कोणाचा बैल सुटला तर डाव थांबतो. मालकानं जाऊन बैल बांधून यायचं. तोपर्यंत समोरच्यानं पटाकडे पाठ करून बसायचं, म्हणजे फुकटचा विचार करता येणार नाही. मशीनच्या बाबतीत झाकण बंद करायचं ठरलं होतं. आता योगायोग असा, की दरवर्षी काका अडचणीत आले की त्यांना खोकला यायचा, आणि काकांना खोकला आला की घरी सरदार सुटायचा. मग काका सावकाश घरी जायचे, सरदारला बांधायचे, वाटेत विचार करायचे आणि येऊन डाव जिंकायचे. बैलाचं आणि फुप्फुसाचं हे नातं कोणत्या शास्त्रात बसतं, ते गावानं कधी तपासलं नाही. तपासलं असतं तर नियम करावा लागला असता.

काका खोकले.

काही झालं नाही. काका पुन्हा खोकले, जरा लांबवर जाईल असं.

"काय झालं? ओवा आणू का?" रेणुकाकाकू म्हणाल्या.

काका दात आवळून म्हणाले, "नको. ते... सरदार सुटला की काय, असं वाटून राह्यलं."

"कसा सुटीन?" काकू जोरात म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच वावरातला. "मी तं इथं हावो! कोण सोडीन त्याले?"

पारावरच्या सगळ्या माना काकूंकडून काकांकडे वळल्या. मग व्यंकटरावांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांची मनाई असूनही त्यांनी काकांकडे फार बारीक पाहिलं. "दहाबारा वर्षं!" ते म्हणाले. "लक्ष्मणराव, दहाबारा वर्षं मी देवळाच्या भिंतीकडे तोंड करून बसत आलो! त्या भिंतीवरच्या सगळ्या देणगीदारांची नावं मला पाठ आहेत!"

"बैल सुटते मंग काय करू?" काका म्हणाले, पण मिशा खाली आल्या होत्या.

मी पंच म्हणून काहीतरी म्हणणारच होतो, तेवढ्यात माणसांची भिंत मागून फाटली. घुंगरांचा आवाज आला. दावं मागे ओढत, उपटलेल्या खुंटीसकट, सरदार आला. खोकला ऐकून आला. इतकी वर्षं खोकल्याला सुटायची सवय, यंदा कोणी सोडलं नाही म्हणून बिचाऱ्यानं स्वतःचं स्वतः पाहिलं. तो थेट पाराजवळ येऊन काकांच्या खांद्यावर मान टाकून उभा राहिला.

नियमाप्रमाणे हेरंबनं लॅपटॉपचं झाकण लावलं. नियमाप्रमाणे काकांनी सरदारला घेऊन जायला उठायचं. पण सरदारच्या मते खोकल्यानंतरचा क्रम वेगळा होता. खोकला, मग डाव, मग जिंकणं, मग गूळ. मधल्या दोन गोष्टी माणसांच्या होत्या, त्यांची त्याला फिकीर नव्हती. त्यानं पटावर मान घातली, एकही सोंगटी न पाडता काळा हत्ती जिभेनं उचलला आणि खाल्ला.

"एतराज!" काका ओरडले. "हत्ती खाल्ला माहा!"

"तुमच्याच बैलानं खाल्ला," हेरंब म्हणाला. "पण असू दे. दगड ठेवा त्याच्या जागी, आमची हरकत नाही."

"लेकरावाणी सवलत नको मले!" काका भडकले. "खाल्ला तो खाल्ला! बराबरी म्हंजे बराबरी!"

झालं. काकांनी सरदारला पिंपळाला बांधलं, घाम पुसला, आणि एका हत्तीनं कमी असलेला डाव पुढे चालू केला. त्यानंतर फार काही राहिलं नव्हतं. हत्ती असता तरी राहिलं नसतं, हे हेरंबनं मला नंतर सांगितलं. त्या मशीनला जगातलं कोणी हरवत नाही, मोजे भरून मेमरी नेली तरी. काकूंनी आता घोडा मारायला परवानगी दिली, पण तोवर घोड्याला मारण्यात कोणाला रस उरला नव्हता. स्वरानं वजीर उचलून काकांच्या राजाच्या कानाशी ठेवला आणि पहिल्यांदाच चिडवल्याशिवाय म्हणाली, "मात, काका."

काकांनी पटाकडे पाहिलं. लबाडी पकडली गेली तेव्हा ते गुरगुरले होते, हत्ती गेला तेव्हा ओरडले होते. आता ते आवाज न करता उठले, पिंपळाजवळ गेले आणि सरदारच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "चाल गड्या. आपला नंबर मांगं आला."

सरदारनं त्यांच्या खिशाला तोंड लावलं. अजून गूळ असेल म्हणून.

व्यंकटराव जिंकले होते, पण त्यांचाही चेहरा चष्म्यामागे लपायला पाहत होता. मीच घसा साफ केला, पंचाचं काम होतं ते. "मशीन जिंकलं. उद्या मशीन कासरा धरून पहिलं जाईल."

"हो, आम्ही व्यवस्था केलीय," हेरंब उत्साहानं म्हणाला. त्यानं पिशवीतून एक पट्टा काढला. "लॅपटॉप या पट्ट्यात बसतो. कासरा इथं बांधायचा, चार्जरच्या वायरीशेजारी. मी नुसता बाजूनं चालेन, हात लावणार नाही. नियम म्हणजे नियम."

"आन् चेंगरलं तं?"

रेणुकाकाकू बोलल्या होत्या. त्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या आणि पट्टा निरखत होत्या. "तीन वर्षाचं लेकरू म्हणता, अन् त्याच्या हाती इतक्या मोठ्या बैलाचा कासरा देता? बाप हाये का कोण हाये रे तू?"

"काकू, ते लेकरू नाहीये. प्रोग्राम आहे."

"सकाळी लेकरू होतं. म्हणून तं पांढऱ्या सोंगट्या घेतल्या."

"ते मी आपलं... बोलायची पद्धत..."

"बोलाची पद्धत आमचीबी होती रे," मनकर्णाआजी म्हणाल्या. "आमी त्याले पयली चाल देली ते काय गंमत म्हणून?"

आता गाव पुन्हा माझ्याकडे पाहू लागलं. हेरंब म्हणाला, "करण, तू सांग यांना." काकांनी सरदारच्या पाठीवरचा हात काढला नव्हता, पण कान इकडे होते. सरदारचेही.

मी खरंच विचार केला. आयुष्यात एकदाच. मग उभा राहिलो.

"मशीन जिंकलं, याच्यावर कोणाचा एतराज नाही," मी म्हणालो. "सकाळी मी सर्वांसमोर फैसला दिला की ते तीन वर्षांचं आहे, आणि हेरंबनं मान्य म्हटलं. सगळ्यात मोठ्यानं म्हटलं. सवलत घ्यायला ते लेकरू असेल तर कासरा धरायलाही लेकरूच राहील. लेकराच्या हाती कासरा द्यायचा नाही, हा नियम या पटाच्याही आधीचा आहे. सबब, मशीनचा मान पक्का. पण तो परवाचा. तान्ह्या पोळ्यात पहिलं मशीन."

"आणि उद्या?" हेरंब म्हणाला.

"उद्या मोठ्या माणसांमध्ये जो पहिला आला तो."

"मोठ्या माणसांमध्ये एकच जण खेळलाय!"

"म्हणून निकाल सोपा आहे."

हेरंबनं बापाकडे पाहिलं. व्यंकटरावांनी चष्मा लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "हेरंब, बाळा, वय सांगायला तुला कोणी सांगितलं होतं?" आणि ते हसायला लागले. एकदा हसायला लागल्यावर त्यांना थांबता येईना, डोळ्यातून पाणी यायला लागलं. स्वरा ओरडली, "बाबा, टाके!" तरी ते हसतच होते. "लक्ष्मणराव, घेऊन जा तुमच्या म्हाताऱ्याला पुढे! पण माझी एक अट आहे. पुढच्या वर्षी तुम्ही खोकलात तर भिंतीकडे तोंड करून तुम्ही बसायचं!"

"मंजूर!" काका म्हणाले, आणि लगेच, "रेणुके, च्या!"

दुसऱ्या दिवशी आखरावर, गावाची गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, सरदार सगळ्यांच्या पुढे उभा होता. शिंगांना वार्निश, पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग, शेजारी डिप्टी पहिल्याच पोळ्यात बावरलेला. कासरा काकांच्या हातात. मागे व्यंकटरावांची पांढरी जोडी, डोळे दिपवत. हर बोला झालं. वाजंत्री वाजली. सरदार तोरणाखाली गेला, आणि थांबला. सगळ्यांना वाटलं, म्हातारा थकला. सरदारनं मान वर केली, आंब्याच्या पानांचं अख्खं तोरण तोंडात धरलं, ओढून खाली घेतलं आणि तिथंच उभा राहून खाल्लं. घाई केली नाही. मागच्या सगळ्या जोड्या थांबल्या. काकांनी कासरा ओढला नाही. आमच्या गावात त्या वर्षी बाकीचे बैल नुसत्या दोरीखालून गेले.

तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा झाला. हेरंब पहिल्यांदा नाही म्हणाला. मग मनकर्णाआजींनी स्वतःच्या नातवाचा लाकडी बैल आणून दिला, तेव्हा त्याला नाही म्हणता येईना. बैलाच्या पाठीवर लॅपटॉप बांधला. स्वरानं पडद्यावर डोळे आणि हसरं तोंड काढलं. सव्वातीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंतची पोरं मागे आणि मशीन सगळ्यांच्या पुढे, हेरंब दोरी ओढतोय, काका बाजूनं चालत ओरडताहेत, "हळू रे, पडीन ते!" बक्षीस स्टीलचा डबा होता. तो मशीनला मिळाला. एक पोरगं रडलं, म्हणून त्याला मशीनवर दोन मिनिटं गाडीचा खेळ खेळू दिला. तेही बराबरीत बसतं.

बक्षीस वाटून झाल्यावर काका हेरंबच्या शेजारी पारावर टेकले. सरदार समोर मोकळाच उभा होता. आता त्याला बांधायचं कोणाच्या मनात येत नव्हतं.

"कारे हेरंब," काका म्हणाले. "हे मोठं कधी होईन?"

"म्हणजे?"

"म्हंजे अठरा वर्षाचं. कासरा धराले. तवर मले पुढे नवा बैल तयार करा लागीन ना. डिप्टीले शिकवाचं हाये."

हेरंबनं डब्याचं झाकण उघडलं, लावलं. "काका, ते मोठं होत नाही. तीन वर्षं मी आळस केला, पण दरवर्षी नवीन व्हर्जन येतं. जुनं काढून टाकायचं, नवीन टाकायचं. नवीन म्हणजे शून्यापासून."

"म्हंजे पुढच्या पोळ्याले त्याचं वय..."

"काही महिने."

काकांनी लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर स्वरानं काढलेलं तोंड अजून हसत होतं. मग त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढला, अर्धा सरदारला दिला, आणि उरलेला अर्धा हळूच मशीनच्या डब्यात ठेवला.

"लय चांगलं मशीन हाये," ते म्हणाले. "दरसाल आणत जाजो."

मग त्यांना खोकला आला. खराच होता, पण डिप्टीनं घरून हंबरडा फोडला.